खोलीत डग्गा गायब, गाडीत मात्र घुमतो : घरगुती स्टुडिओतल्या बासची दुरुस्ती

मित्रांच्या घरी, मित्रांच्या मित्रांच्या घरी आणि एकदा तर एका भजनी मंडळाच्या पेटीवाल्या काकांकडे जाऊन मी हा एकच बिघाड पुन्हा पुन्हा निस्तरला आहे. खोली साधारण ठरलेली असते. फ्लॅटमधली दहा बाय बाराची बेडरूम, साडेनऊ फुटांवर स्लॅब, खाली गुळगुळीत फरशी, एका बाजूला स्लायडिंगची खिडकी. टेबलावर पाच इंची मॉनिटर स्पीकर आणि भिंतीवर काळ्या स्पंजचे चौकोन. तक्रारही ठरलेली : ‘मिक्स इथे मस्त वाजतो, बाहेर गेला की वाट लागते.’ (मिक्स म्हणजे सगळे आवाज जुळवून तयार केलेलं गाणं.)

आधी लक्षणं बघा.

- डग्गा, किक किंवा बास गिटार खोलीत पातळ वाटते म्हणून तुम्ही वाढवता. तोच मिक्स गाडीत लावला की दारं थरथरतात.
- किंवा नेमकं उलट. खोलीत सगळं घुमतं म्हणून तुम्ही खालचा भाग कापता आणि बाहेर गाणं हडकुळं निघतं.
- बासच्या एकाच ओळीतले काही सूर दणदणीत येतात, काही जणू वाजवलेच नाहीत.
- खुर्ची दोन फूट मागे सरकवली की मिक्स बदलतो.
- टाळी वाजवली की मागून ‘टर्रर्र’ असा पत्र्यासारखा आवाज येतो.
- गायकाचा आवाज डब्यात बसून गायल्यासारखा रेकॉर्ड होतो.

पहिली चार लक्षणं एका आजाराची आणि शेवटची दोन दुसऱ्याच. भिंतीवरचा इंचभर जाडीचा स्पंज शेवटच्या दोनांवर थोडाफार चालतो, पहिल्या चारांना तो स्पर्शही करत नाही. तरी लोक सगळ्यात आधी तोच विकत घेतात. मीही घेतला होता. चारही भिंती मढवल्या तेव्हा खोलीतला तंबोरा घोंगडीखाली ठेवल्यासारखा मिटून गेला आणि बास होता तसाच घुमत राहिला. वरच्या सुरांचा जीव गेला, खालच्यांना ओरखडासुद्धा नाही.

वरच्या मजल्यावरचा मिक्सर ऐकू येतो किंवा शेजारी तुमच्या तबल्याला वैतागलेत, ही वेगळी तक्रार आहे. खोलीच्या आतला आवाज सुधारणं आणि आवाज आत-बाहेर जाऊ न देणं ही दोन निराळी कामं आहेत. दुसऱ्याबद्दल शेवटी दोन ओळी लिहिल्या आहेत.

आता तपासण्या. याच क्रमाने करा. पहिल्या चारांना एक रुपयाही लागत नाही आणि मी पाहिलेल्या बऱ्याच खोल्या त्यातच अर्ध्याहून अधिक सुधारल्या.

१. किती मोठ्याने ऐकता?

रात्री अकरानंतर, घरचे झोपल्यावर, आवाज बारीक करून मिक्स करत असाल तर खोलीला दोष देण्याआधी इथे थांबा. आवाज लहान असताना माणसाचा कान खालचे सूर फार कमी पकडतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली याचे आलेख मांडले. बारीक आवाजात बास कमीच वाटणार, तुम्ही तो वाढवणार आणि सकाळी गाडीत दणका बसणार.

फोनवर डेसिबल मोजणारं एखादं फुकट ॲप टाका. त्यात सी-वेटिंगचा (खालचे सूरही धरून मोजण्याचा) पर्याय असेल तर तो निवडा आणि खुर्चीच्या जागी ७५ डेसिबलच्या आसपास येईल इतका आवाज ठेवा. फोनचा माईक काटेकोर नसतो, पण इथे अंदाज पुरेसा आहे. त्या पातळीला व्हॉल्यूमच्या नॉबशेजारी पेन्सिलने खूण करा आणि बासचे निर्णय त्याच खुणेवर घ्या. रात्री बारीक आवाजात बाकीची कामं करा, श्वास कापा, टेक निवडा. डग्ग्याला मात्र हात लावू नका.

२. वायरी आणि मागची बटणं

एका मित्राने खोलीवर बरेच पैसे घातले होते. दोष निघाला एका स्पीकरच्या उलट्या जोडलेल्या वायरीत. एक स्पीकर हवा पुढे ढकलत असताना दुसरा मागे ओढत होता आणि बास मधल्या मध्ये कापला जात होता.

तपासायला दोन मिनिटं लागतात. गाणं मोनो करा, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज येऊ द्या, आणि दोन्ही स्पीकरच्या बरोबर मध्ये बसा. आवाज कपाळासमोर एका ठिपक्यात यायला हवा. तो डोक्याभोवती पसरला, कुठून येतो ते कळेना आणि बास नाहीसा झाला, तर वायर उलटी आहे. ज्यांचे स्पीकर वेगळ्या ॲम्प्लिफायरशिवाय चालतात (तो आतच असतो) त्यांनी केबल बघावी. कोणी घरी सोल्डर केलेली केबल यात हमखास सापडते.

मग स्पीकरच्या पाठीमागे बघा. बऱ्याच मॉनिटरना भिंतीजवळ किंवा कोपऱ्यात ठेवल्यावर बास कमी करण्याचं बटण असतं. ते आधीच दाबलेलं असेल आणि तुम्हाला पत्ताच नसेल. सध्या ते शून्यावर आणा.

आणखी एक. हेडफोनवर एका कानाला कमी ऐकू येत असेल तर हेडफोन उलटे घालून बघा. कमीपणा त्याच कानाशी राहिला तर प्रश्न खोलीचा नाही. कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन श्रवणचाचणी करून घ्या, पुढचं नंतर वाचा.

३. पेटीवाल्यांची तपासणी : एकेक सूर वाजवा

ही माझी सगळ्यात लाडकी तपासणी. कीबोर्डवर साधा, गोल, बासरीसारखा बासचा आवाज निवडा. सगळ्यात खालच्या दोन सप्तकांत एकेक पट्टी सारख्याच जोराने वाजवत वर जा. खुर्चीत बसून वहीत लिहा : कुठली पट्टी फुगली, कुठली हरवली.

आता ५६५ या आकड्याला खोलीच्या फुटांतल्या लांबीने भागा. १२ फुटांना ४७ हर्ट्झ येतात, १० फुटांना ५६, साडेनऊ फुटांना ५९. हे त्या खोलीचे स्वतःचे सूर. ४७ हर्ट्झ म्हणजे जवळपास काळी तीन. त्याची दुप्पट ९४, तीही काळी तीनच, एक सप्तक वर. बारा फुटी खोली काळी तीनमध्ये गाते असं मी म्हणतो तेव्हा लोक हसतात, पण वहीत बहुतेक वेळा त्याच पट्टीपुढे खूण झालेली असते.

असं होतं कारण समोरासमोरच्या भिंतींमध्ये लाट अडकते. हे तंबोऱ्याच्या तारेच्या उलट आहे. तार दोन्ही टोकांना स्थिर असते आणि मध्ये जास्तीत जास्त हलते. खोलीतल्या हवेचा दाब मात्र टोकाला, म्हणजे भिंतीपाशी, सर्वांत जास्त असतो आणि बरोबर मध्यावर जवळपास शून्य. म्हणून खोलीच्या मधोमध बसणाऱ्याला ४७ हर्ट्झ ऐकूच येत नाही आणि मागच्या भिंतीला डोकं टेकवून बसणाऱ्याला तो नको इतका येतो. लक्षणांतले पहिले दोन प्रकार उलट का, ते इथे कळतं. आजार एकच आहे, खुर्च्या वेगळ्या.

एक सावधगिरी : पाच इंची स्पीकर ५० हर्ट्झच्या खाली स्वतःच दमायला लागतो. हरवलेली पट्टी खोलीने खाल्ली की स्पीकरला झेपली नाही, हे ठरवायला तीच पट्टी दाबून धरा, उठा आणि मागच्या भिंतीपाशी जाऊन कान लावा. तिथे सूर परत आला तर खोलीच दोषी. तिथेही नाही आला तर स्पीकरची ताकद संपली.

खोली दहा बाय दहाची असेल तर लांबी आणि रुंदीचे सूर ५६ वरच येतात आणि उंचीचा ५९ त्यांच्या मांडीला मांडी लावून बसतो. तिन्ही मिळून त्या पट्टीवर धिंगाणा घालतात. घरात दुसरी लांबट खोली मिळत असेल तर भांडून घ्या.

४. खुर्ची आणि स्पीकर हलवा

घाई करू नका, अख्खा रविवार द्या. विकत घ्यायच्या कुठल्याही वस्तूपेक्षा इथे जास्त फरक पडतो.

टेबल आखूड भिंतीला लावा, म्हणजे तुमचं तोंड खोलीच्या लांबीकडे येईल आणि मागे जास्तीत जास्त जागा उरेल. डावी-उजवी भिंत सारख्या अंतरावर हवी. एका बाजूला कपाट आणि दुसऱ्या बाजूला रिकामी भिंत असेल तर गाण्याचा मध्य एका बाजूला कलतो. सुरुवातीला डोकं समोरच्या भिंतीपासून लांबीच्या ३८ टक्क्यांवर आणा. बारा फुटांत ते साडेचार फूट होतं. हा आकडा म्हणजे वेदवाक्य नव्हे, सुरुवातीची जागा आहे. तिथून सहा-सहा इंच पुढे-मागे सरकत वरचीच पट्ट्यांची तपासणी पुन्हा करा आणि हरवलेल्या पट्ट्या सर्वांत कमी येतील तिथे फरशीवर टेप चिकटवा.

आता स्पीकर. ते भिंतीपासून लांब ठेवावेत असं सगळीकडे ऐकायला मिळतं. मोठ्या हॉलमध्ये ते बरोबर आहे, बेडरूममध्ये घात करतं. स्पीकरमधून निघालेला खालचा सूर मागच्या बाजूलाही पसरतो, भिंतीवर आपटून परत येतो आणि सरळ येणाऱ्या सुराला एका ठरावीक हर्ट्झवर कापतो. तो आकडा शोधायचा असेल तर ११३० ला भिंतीपासूनच्या अंतराच्या चौपटीने भागा. स्पीकरचं तोंड भिंतीपासून तीन फुटांवर असेल तर काट ९४ हर्ट्झवर बसते, ऐन डग्ग्याच्या प्रदेशात. तेच पावणेदोन फुटांवर आणलं, म्हणजे स्पीकरची पाठ भिंतीपासून आठ-नऊ इंचांवर, तर काट १६० च्या आसपास सरकते. तिथे आवाज शोषणारं चार इंच जाडीचं पॅनेल तिला पकडू शकतं, ९४ ला फारसं नाही. जवळ ठेवल्याने बास थोडा फुगेल; त्यासाठी मघाचं मागचं बटण आहे.

दोन स्पीकर आणि डोकं यांचा समभुज त्रिकोण करा. वरच्या मापांत बाजू सव्वातीन फुटांच्या आसपास येते, म्हणजे वाटतं त्यापेक्षा बरीच लहान. ट्विटर, म्हणजे वरचे सूर वाजवणारा छोटा स्पीकर, कानाच्या उंचीला आणा. स्पीकर थेट टेबलावर असतील तर टेबलच गुणगुणतं, त्यामुळे खाली स्टँड किंवा निदान विटा आणि त्यावर रबराचा जाड तुकडा ठेवा.

५. टाळी आणि आरसा

खोलीत फिरत टाळ्या वाजवा. ‘टर्रर्र’ येतं ते दोन उघड्या समांतर भिंतींमधलं टेबल टेनिस. एका भिंतीवर पुस्तकांचं कपाट, जाड पडदा किंवा पॅनेल आलं की थांबतं. दोन्ही भिंती झाकायची गरज नसते.

मग खुर्चीत बसा आणि कोणाला तरी भिंतीवरून आरसा सरकवायला सांगा. आरशात ज्या जागी स्पीकर दिसतो, तिथून आवाज तुमच्या कानावर उडी मारून येतो. डावी, उजवी आणि डोक्यावरचा स्लॅब अशा जागांवर खुणा करा. पॅनेल इथेच लागणार आहेत, सगळ्या भिंतीभर नाही.

रेकॉर्डिंगच्या ‘डबा’ आवाजावरही स्वस्त उतारा आहे. लोक माईकच्या मागे स्पंजची अर्धवर्तुळं लावतात. पण साधारण गाण्याचा माईक समोरचं ऐकतो आणि त्याच्या समोर गायक असतो, म्हणजे त्याला गायकाच्या पाठीमागची भिंत ऐकू येते. गायकाच्या पाठीमागे दोरीवर दोन जाड गोधड्या टांगा. बाजारातल्या कित्येक वस्तूंपेक्षा आजीची गोधडी सरस ठरते.

६. घरच्या गाद्यांचा प्रयोग

पैसे खर्च करण्याआधी ही चाचणी घ्याच. घरातल्या कापसाच्या गाद्या काढा आणि मागच्या दोन कोपऱ्यांत तिरक्या, भिंतींशी त्रिकोण होईल अशा उभ्या करा. मागे पोकळी राहू द्या, त्यात उशा आणि पांघरुणं कोंबा. मग पट्ट्यांची तपासणी करा. कोपऱ्यात सगळ्या लाटांचा दाब एकत्र जमतो, म्हणून तिथली जाडी सर्वांत जास्त कामाला येते.

हसू नका. खोलीच्या आवाजाचं शास्त्र गाद्यांनीच सुरू झालं. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठातलं एक व्याख्यानगृह इतकं घुमायचं की वक्त्याचं बोलणं कळेना. वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाने जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, ऑर्गनची नळी वाजवली आणि किती गाद्यांनी घुमारा किती सेकंदांनी घटतो ते मोजलं. आजही वापरतात ते सूत्र त्यातून निघालं.

गाद्यांनी फरक जाणवला तर कायमचे पॅनेल करायला हरकत नाही. काहीच जाणवला नाही तर चौथ्या तपासणीकडे परत जा, खुर्ची अजून चुकीच्या जागी आहे. आणि हो, संध्याकाळी गाद्या जागेवर गेल्या पाहिजेत. हा नियम माझ्या घरातला, पण तुमच्याकडेही लागू असेल.

अंड्यांचे ट्रे लावू नका. पातळ पुठ्ठा बास अडवत नाही, धूळ धरतो आणि पेट घेतो. थर्माकोलचंही तेच. स्वस्त स्पंज जळताना विषारी धूर सोडतो. बंद खोलीत, एक्स्टेन्शन बोर्डाशेजारी तो लावण्याआधी एवढं आठवा.

७. माईक लावून मोजा

आता पहिला खर्च. मोजमापाचा माईक उसना मिळाला तर उत्तम. बेहरिंगरचा ईसीएम ८००० इंटरफेसला (माईक संगणकाशी जोडणाऱ्या पेटीला) जोडून चालतो, मिनीडीएसपीचा यूमिक-१ थेट यूएसबीवर. रूम ईक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर फुकट आहे. माईक बरोबर डोक्याच्या जागी, कानाच्या उंचीला ठेवा. पंखा, एसी बंद. आधी डावा, मग उजवा, मग दोन्ही स्पीकर मिळून मोजा.

आलेखाचा ३०० हर्ट्झच्या खालचा भाग बघा. उपचार न केलेल्या खोलीत १५-२० डेसिबलचे खड्डे दिसले तर घाबरू नका, ते नेहमीचे आहेत. त्यासोबत धबधब्यासारखा दिसणारा आलेखही उघडा. कुठला सूर थांबल्यावरही रेंगाळतो ते त्यात दिसतं, आणि ‘घुमणं’ म्हणजे हे रेंगाळणंच.

इथे एक मोह होतो, तो टाळा : इक्वलायझरने (हवे ते सूर वाढवण्या-घटवण्याच्या साधनाने) खड्डा भरणं. खड्डा म्हणजे दोन लाटांनी एकमेकींना कापणं. तुम्ही सूर वाढवला की परत येणारी लाटही तितकीच वाढते. खड्डा तसाच राहतो, स्पीकर मात्र धापा टाकतो. फुगवटा थोडा दाबायला इक्वलायझर चालतो, तोही सगळं झाल्यावर.

८. पॅनेल बनवा

सुताराला पाइनवुडच्या ४ बाय २ फुटांच्या चौकटी करायला सांगा. त्यात ४८ किलो प्रति घनमीटर घनतेच्या रॉकवूलच्या (दगडी लोकरीच्या) दोन इंची पाट्या दुहेरी, म्हणजे एकूण चार इंच. मागे तेवढीच पोकळी ठेवून भिंतीवर टांगा. ही पोकळी फुकटची जाडी आहे, कारण तंतूंमध्ये आवाज जिरतो तो हवेच्या हालचालीमुळे आणि भिंतीला चिकटून हवा हलतच नाही.

कापड मांजरपाट किंवा गोणपाट घ्या. तोंडाला लावून फुंकर आरपार गेली तर चालेल. रेक्झिन नको. अपवाद मागच्या कोपऱ्यांचा : तिथे कापडाखाली पातळ प्लास्टिकचा थर दिलात तर बास आत जातो, वरचे सूर परत खोलीत येतात आणि खोली मेल्यासारखी वाटत नाही. कोपऱ्याचा सापळा, म्हणजे बास जिरवणारा थर, फूटभर जाड करणार असाल तर हलक्या घनतेची लोकर घ्या. जाड थरात घट्ट माल उलट कमी काम करतो, लाट आत शिरण्याऐवजी पृष्ठभागावरूनच परतते.

रॉकवूल हाताळताना पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे आणि मास्क हवाच. एकदा मी आळस केला आणि दोन दिवस खाजवत बसलो.

आधी मागचे कोपरे भरा, मग आरशाच्या खुणा, मग मागची भिंत. दोन-दोन पॅनेल लावून पुन्हा मोजा.

इथे थांबा, जाणत्याला बोलवा

स्पीकर चालू, गाणं बंद, तरी ५० हर्ट्झची घुरघुर येत असेल तर ती खोलीची नव्हे, विजेची आहे. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. घुरघुर घालवायला प्लगची तिसरी पिन कधीही काढू नका, त्यात जीव जातो.

भिंतीला ओल असेल तर आधी गळती बंद करा. ओल्या भिंतीवर पॅनेल टांगलं की एका पावसाळ्यात बुरशी येते.

डोक्यावर टांगायचं चार इंची पॅनेल चौकटीसकट पाच-सहा किलो भरतं, आणि स्लॅबमधून विजेच्या नळ्या गेलेल्या असतात. तिथे ड्रिल स्वतः चालवू नका.

शेजाऱ्यांपर्यंत आवाज जाऊ द्यायचा नसेल तर त्याला वजन आणि हवाबंदपणा लागतो, म्हणजे भिंतीपासून सुटी दुसरी भिंत, जड दार, कधी खोलीत खोली. त्याचा भार स्लॅबवर येतो. अकूस्टिक सल्लागार, स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि सोसायटीची लेखी परवानगी, या तिन्हींशिवाय सुरुवात करू नका.

आणि वरचं सगळं करूनही १०० हर्ट्झच्या खाली एखादा सूर दहा डेसिबलने फुगून रेंगाळत असेल, तर त्या नेमक्या सुराला लावलेला पडद्याचा किंवा पोकळीचा सापळा लागतो. मी दोन बनवून बघितले, दोन्ही भलत्याच सुराला लागले. हे काम सल्लागाराचं. त्यांना बोलवाल तेव्हा खोलीचा मापांसह नकाशा, खुर्ची आणि स्पीकरच्या टेपच्या खुणा आणि पॅनेल लावण्याआधीच्या व नंतरच्या मोजमापाच्या फाइल्स हाताशी ठेवा.